दूध बंद करून पालक द्यावा का?

भांडुपच्या एका घरातली साडेचार वर्षांची मुलगी. चेहरा फिकट, जिना चढताना धाप लागते, दोन-दोन दिवस शौचाला होत नाही आणि ताट समोर आलं की तोंड फिरवते. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून घेतलं तर हिमोग्लोबिन ९.४ निघालं. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाचं सिरप आणि जंताचं औषध दिलं आणि आहाराचं बघायला माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आई नोकरी करते. लोकलने घरी पोचेपर्यंत साडेसात होतात, तोवर मुलगी आजीजवळ. दोघींचं दुधावरून चांगलंच वाजलेलं. आजींचं म्हणणं, “पोर जेवत नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे.” आईने मोबाइलवर एक तक्ता पाहिला होता. त्यात पालकाचं लोह दुधाच्या कितीतरी पट होतं, शिवाय कॅल्शियमही होतं. तिने थेट विचारलं, “मॅडम, दूध बंदच केलं आणि रोज पालक दिला तर नाही का चालणार?”

उत्तर देण्याआधी दिवसभराचं दूध मोजून आणायला सांगितलं. ‘एक ग्लास’ म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं, म्हणून औषधाच्या किंवा स्वयंपाकाच्या मापाने. हिशोब असा निघाला: सकाळी २०० मिली, शाळेतून आल्यावर २००, संध्याकाळी २०० आणि झोपताना बाटलीने २५०. एकूण ८५० मिली, तेही फुल क्रीम.

फुल क्रीम दुधात १०० मिलीमागे साधारण ८७ कॅलरी असतात. म्हणजे साखर न धरता सातशेच्या वर कॅलरी दुधातूनच पोटात गेल्या. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १३६० च्या आसपास असते. निम्म्याहून जास्त पोट दुधानेच भरलं, तर ही मुलगी जेवणार कशी? ती हट्टी नाही, तिला भूकच लागत नाही. कॅल्शियम रोज सुमारे १००० मिलिग्रॅम मिळत होतं, गरज ५५० ची. आणि लोह? गरज ११ मिलिग्रॅमची, तर एवढ्या दुधातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. उलट दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाचं शोषण अडवतात. दिवसाला अर्ध्या लिटरच्या पलीकडे दूध गेलं की लहान मुलांमध्ये लोहाची कमतरता आणि बद्धकोष्ठता जोडीने दिसते, ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. सिरपची चव मुलीला आवडत नव्हती म्हणून आजी ते दुधात मिसळून पाजत होत्या, अगदी प्रेमाने. त्यामुळे औषधाचा बराचसा भाग वायाच जात होता.

आता पालकाकडे येऊ. आईने पाहिलेला तक्ता खोटा नव्हता. पण तक्त्यात लिहिलेलं असतं ते पानात असलेलं, अंगी लागणारं नव्हे. १०० ग्रॅम पालकात कॅल्शियम सुमारे ८० मिलिग्रॅम. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला त्यातलं सुमारे पाच टक्केच, म्हणजे जेमतेम ४ मिलिग्रॅम मिळतं. २०० मिली दुधात कॅल्शियम सुमारे २४० मिलिग्रॅम आणि त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, म्हणजे ७० च्या वर. एका ग्लासाची बरोबरी करायला पावणेदोन किलो पालक लागेल! लोहाचंही तसंच. १०० ग्रॅम पालकात ते साधारण ३ मिलिग्रॅम. मुलगी दोन-तीन चमचे भाजी खाणार, म्हणजे पोटात जाणार एक मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, आणि वनस्पतींमधल्या लोहाचा थोडाच अंश शोषला जातो. ९.४ चं हिमोग्लोबिन पालकाने वर येत नाही, त्याला औषधच लागतं. पालेभाजीचं काम पुढचं आहे, ते पुन्हा खाली येऊ न देण्याचं.

पण सगळ्या पालेभाज्या पालकासारख्या नसतात, आणि हे आवर्जून सांगावंसं वाटतं. मेथीत १०० ग्रॅमला अडीचशेच्या वर आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि ऑक्झॅलेटचा अडथळाही पालकापेक्षा बराच कमी. मुळ्याचा पाला बाजारातच तोडून टाकायला सांगतात, तो घरी आणावा, कोवळा असेल तर मुगाच्या डाळीबरोबर झकास होतो. राजगिऱ्याच्या पाल्याचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातही ऑक्झॅलेट बरंच असतं. पालक टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व), बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं), के जीवनसत्त्व यांसाठी तो जरूर खावा, कॅल्शियमच्या हिशोबात मात्र धरू नये.

आणि दूध पूर्ण बंद का नाही? कारण बी-१२ जीवनसत्त्व. ते कुठल्याच पालेभाजीत नसतं. या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासे-मटण असतं, पण मुलगी एखादाच घास खाते. शुद्ध शाकाहारी घरात तर दूध, दही, ताक, पनीर एवढाच बी-१२ चा आधार. दुधातलं प्रथिनही चांगल्या प्रतीचं. दुसरीकडे दुधात लोह, सी जीवनसत्त्व आणि चोथा जवळपास नसतोच, फोलेटही थोडंच. तेव्हा दूध की पालेभाजी, हा प्रश्नच इथे लागू नव्हता. किती आणि कधी, एवढंच ठरवायचं होतं.

ठरलं ते असं. दूध दिवसाला ४०० मिली: सकाळी २०० आणि रात्री २००, किंवा रात्रीच्या दुधाऐवजी वाटीभर दही. संध्याकाळचा ग्लास आधी बंद, कारण रात्रीची भूक तोच मारतो. मग शाळेनंतरचा. त्या वेळी आधी जेवण. रात्रीची बाटली एकदम काढली तर रडारड होते, म्हणून बाटलीतलं दर तीन दिवसांनी ५० मिली कमी करत ती सोडवायची आणि रात्रीचं दूध स्टीलच्या पेल्यातून द्यायचं, दूध पिऊन झाल्यावर दात घासूनच झोपायचं. दुधात पाणी घालायचं नाही, त्याने पोट तेवढंच भरतं आणि सत्त्व कमी होतं.

सिरप दोन जेवणांच्या मध्ये, दुधापासून किमान एक-दोन तास लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर. चमचा जिभेच्या मागच्या बाजूला टेकवायचा आणि नंतर चूळ भरायला लावायची, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही.

सकाळची चहा-चपाती बंद. चहातलं टॅनिन लोह अडवतं, आणि साडेचार वर्षांच्या मुलाला चहाची गरजही नाही.

पालेभाजी रोज निवडलेली पन्नासेक ग्रॅम, म्हणजे चिरून साधारण दोन मुठी. शिजल्यावर ती तीन-चार चमचेच उरते, त्यामुळे मुलं घाबरत नाहीत. मेथी बारीक चिरून मुगाच्या डाळीत, किंवा थालीपिठात. चमचाभर तेल हवंच, बीटा-कॅरोटीन त्याशिवाय नीट शोषलं जात नाही. गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळायचं, आधी नाही, सी जीवनसत्त्व उष्णतेने जातं. दोन पानांनी हिरव्या झालेल्या पालकपुरीला पालेभाजी म्हणायचं नाही. अळिवाचा लाडू चांगला, अळिवाची दुधातली खीर लोहासाठी तितकी कामाची नाही. माशाचा, मटणाचा दिवस असेल तेव्हा काटे काढून मासा किंवा कलेजीचा छोटा तुकडा डाळ-भाताबरोबर द्यायचा. त्यातलं लोह सहज शोषलं जातं आणि भाजीतलंही जास्त घेतलं जातं.

धुण्याबद्दल दोन शब्द, कारण मुंबईत रुळांच्या कडेला पिकलेली भाजीही बाजारात येत आली आहे. चिरण्याआधी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पानं बुडवायची, हलवायची आणि वर उचलून घ्यायची. पाणी ओतून टाकलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असं तीनदा. चिरून धुतली तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर वाहून जातात.

पहिला आठवडा कठीण गेला. संध्याकाळी मुलगी दूध मागायची, जेवायची नाही, आणि आजींचा जीव कळवळायचा. बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते: दोन दिवस मूल कमी जेवलं की पुन्हा ग्लास पुढे येतो. आजींना एवढंच सांगितलं की, भूक लागायला चार-सहा दिवस जातात, तोवर संध्याकाळी पाच वाजता केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या, दूध नको. दहाव्या दिवशी तिने स्वतःहून थालीपीठ मागितलं. पोट साफ होऊ लागलं ते त्याहीआधी.

महिन्याने हिमोग्लोबिन १०.६ झालं आणि तीन महिन्यांनी ११.८. आईला वाटलं, आता सिरप थांबवावं. पण आकडा वर आला म्हणजे शरीरातला लोहाचा साठा भरला असं नाही, म्हणून डॉक्टरांनी ते आणखी दोन महिने चालू ठेवलं आहे. दूध ४०० मिलीवरच आहे.