पगार गेला, बिल आलं
(वाचकांचे करप्रश्न)

प्रश्न : नमस्कार काका. मी वाळूज एमआयडीसीत टूल डिझाइनला आहे. आठ वर्षं पर्मनंट होतो. गेल्या मार्चमध्ये एचआरने बोलावून राजीनामा लिहून घेतला आणि 1 एप्रिल 2025 पासून 'कन्सल्टंट' केलं. आधी ग्रॉस पगार 75,000 होता, बेसिक 36,000. आता महिन्याला 90,000 चं बिल देतो, 10 टक्के कापून 81,000 खात्यात येतात. मला वाटलं, पगार वाढला. पण ऑक्टोबरमध्ये वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस गावी, केजला गेलो, तर बिलातून 13,846 रुपये कमी केले. 10 टक्के कापले म्हणजे माझा टॅक्स भरून झाला का? अकाउंट्सवाले जीएसटी नंबर मागतात, तो काढू का? पीएफ काढून घेऊ का?

उत्तर : तुम्ही टॅक्सचं विचारलंत, पण ती बाजू तुमच्या फायद्याची आहे. दुखणं वेगळंच आहे. आधी टॅक्सचं बघू.

कापलेले 10 टक्के हा टीडीएस आहे. म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे जमा झालेली उचल. खरा टॅक्स रिटर्नमध्ये ठरतो. वर्षाचं बिल 10,80,000. कलम 44एडीएप्रमाणे इंजिनिअरने एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली तरी चालते. वह्या ठेवायला नकोत, पेट्रोलच्या पावत्या जपायला नकोत. म्हणजे 5,40,000. आणि नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणून वर्षभरात कापलेले जवळपास 1,08,000 रुपये तुम्हाला परत मिळायला हवेत. फॉर्म मात्र बदलेल. पगारदाराचा 'सहज' आता चालणार नाही, 'सुगम', म्हणजे आयटीआर-4 भरा. आधी 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचं सरकारी पत्रक, उघडून कंपनीने टीडीएस तुमच्याच पॅनवर आणि कलम 194जे (व्यावसायिक फी) खाली भरलाय का, ते बघा.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमचा खरा खर्च किती? वाळूजपर्यंतचं पेट्रोल आणि मोबाइल. कॉम्प्युटर कंपनीचा, सॉफ्टवेअर कंपनीचं. कायदा म्हणतो 50 टक्के, किंवा खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो. मग दहा लाख दाखवले तरी टॅक्स शून्यच आहे ना? उद्या घराचं कर्ज काढायला गेलात तर बँक आयटीआरमधला आकडा बघते. 5,40,000 दाखवणारा माणूस तिच्या लेखी महिना 45 हजारांचा धनी. माझ्याकडे असे तिघे येऊन गेले. तिघांचाही टॅक्स शून्य होता, पण ज्या दोघांनी कमी आकडा दाखवला होता, ते कर्जासाठी ताटकळले.

आता हिशेबाकडे येऊ. तुमचं जुनं पगारपत्रक आणि नवं बिल मी शेजारी ठेवून पाहिलं. ग्रॉस 75,000. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 4,320. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, दर वर्षाला 15 दिवसांचं बेसिक, महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे 20,769, महिन्याला 1,731. दिवाळीला एक बेसिक मिळायचं असं तुम्ही पत्राच्या मागे लिहिलंय, ते महिन्याला 3,000. कंपनीच्या मेडिक्लेमऐवजी आता स्वतः घ्यायच्या पाच जणांच्या मेडिक्लेमचा 42,000 हप्ता एजंटने सांगितलाय, ते 3,500. झाले 87,551. त्यात 21 पगारी रजा धरा. आता रजा म्हणजे दिवसाला 3,462 रुपये कट. वर्षाचे 72,692, महिन्याला 6,058. बेरीज 93,609.

म्हणजे 90,000 चं बिल देऊनही तुम्ही महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त मागे गेलात, आणि वरून दरमहा 9,000 रिफंड येईपर्यंत अडकले. पेढे वाटले असतील तर वाटले, पण पुढच्या करारात आकडा मागताना हे गणित कागदावर नेऊन बसा. तुमच्या जागी मी 1,10,000 च्या खाली बोललोच नसतो. अडकणाऱ्या टीडीएसवरही उपाय आहे. कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र कलम 197 खाली ट्रेसेसवर, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवर, ऑनलाइन अर्ज करून मागता येतं. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, ते बघून अर्ज करा.

जीएसटी नंबर काढू नका. सेवेसाठी मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, तुम्ही निम्म्यावर आहात. एकदा नंबर घेतला की बिल नसलेल्या महिन्यातही रिटर्न भरावंच लागतं, आणि चुकलं की लेट फी. अकाउंट्सच्या मुलाला सांगा, '20 लाखांच्या आत आहे, नोंदणी लागत नाही', आणि बिलावर अनुक्रमांक, पॅन, तारीख टाकत जा.

पीएफला हात लावू नका. पाच वर्षं झाल्याने काढलेल्या रकमेवर टॅक्स बसत नाही, हे बरोबर. पण पेन्शनचं विसरू नका. पेन्शनसाठी 10 वर्षांची नोकरी लागते, तुमची आठ झाली. पेन्शनचेही पैसे काढलेत तर ती आठ वर्षं गेली. पीएफ ऑफिसच्या 10सी फॉर्मवर 'स्कीम सर्टिफिकेट', म्हणजे झालेल्या नोकरीचा दाखला, मागा. उद्या दुसरीकडे दोन वर्षं नोकरी केली तर ही आठ त्यात मिळतील. आणि ग्रॅच्युइटी? आठ वर्षांचे 1,66,154 रुपये होतात, 20 लाखांपर्यंत करमुक्त. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. मिळाली नसेल तर आजच लेखी मागा. 'तू अजून इथेच आहेस ना' हे उत्तर चालत नाही. राजीनामा घेतला तेव्हा नोकरी संपली.

खरं तर ती संपली का, हाच प्रश्न आहे. तीच खुर्ची, तेच पंचिंग, रजेसाठी त्याच साहेबाला विचारायचं, दुसऱ्याचं काम घ्यायला मनाई. कागदावर कन्सल्टंट लिहिल्याने कुणी कन्सल्टंट होत नाही. यात जास्त अडचण कंपनीची होऊ शकते, तुमची नव्हे. तरी करारात दुसरं काम घ्यायची मुभा लिहून घ्या आणि पंचिंगचे प्रिंट घरी ठेवा. कशासाठी लागतील, ते आत्ता नका विचारू.

एक बारीक काम राहिलं. व्यवसाय कर. आधी पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जायचे. आता कुणी कापणार नाही. स्वतःची नोंदणी करून वर्षाला 2,500 तुम्हीच भरायचे, 30 जूनच्या आत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरी सोडून मी ऑफिस थाटलं तेव्हा शंभर लोकांचा व्यवसाय कर भरून दिला. तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरसाहेबांचा फॉर्म भरताना ध्यानात आलं की माझीच नोंदणी नाही. दिव्याखाली अंधार. व्याजासकट भरला.

जुन्या करप्रणालीचा मोह झाला तर जपून. पगारदार दरवर्षी इकडून तिकडे जाऊ शकतो. व्यावसायिकाने जुनी घेतली की नवीत परत यायची संधी एकदाच.

प्रश्न : नांदेडला घरी बसून अमेरिकेतल्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. एप्रिलपासून महिन्याला अडीच लाख रुपये येतात. टीडीएस कुणीच कापत नाही. म्हणजे टॅक्स नाही ना?

उत्तर : उलट तुम्हालाच सगळ्यात जास्त घाई आहे. परदेशी कंपनी टीडीएस कापत नाही, म्हणून टॅक्स पूर्ण तुमच्यावर. वर्षाची जमा 30 लाख. माहिती तंत्रज्ञानाला 44एडीए लागू आहे, खरा नफा निम्म्याहून जास्त नसेल तर 15 लाख उत्पन्न धरा. नव्या प्रणालीत त्यावर 1,05,000, सेससकट 1,09,200. 44एडीए असल्याने चार हप्ते नाहीत, सगळा अॅडव्हान्स टॅक्स 15 मार्चपर्यंत एकदम. चुकलात तर दरमहा एक टक्का व्याज सुरू.

जीएसटीचं मात्र उशीर झालाय. एप्रिल ते नोव्हेंबर 20 लाख झाले, डिसेंबरच्या बिलाने हद्द ओलांडली. निर्यातीची रक्कमही त्यात धरतात. नोंदणी 30 दिवसांत करायची होती. आता करा आणि एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा. मग परकीय चलनात आलेल्या पैशांवर 18 टक्के लागत नाहीत. बँकेकडून रक्कम परदेशातून आल्याचं पत्र दर महिन्याला मागून घ्या, वर्षाखेरीला मिळवताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : फ्रीलान्सचे तीन लाख शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवावेत असं परभणीत सगळे सांगतात. जमीन वडिलांच्या नावावर, नऊ एकर सोयाबीन आहे.

उत्तर : तीन लाखांवर टीडीएस कापलाय का? कापला असेल तर ते तुमच्या 26एएसमध्ये आधीच पडलेत, आणि तिथे सोयाबीनचं नाव नाही. सातबारा वडिलांचा, आडत्याची पट्टीही वडिलांच्या नावाची. वडिलांना विचारा, नऊ एकरात यंदा किती क्विंटल निघालं.