कोर्टातल्या कर्मचाऱ्याला युनियन चालते का? संपावर गेलो तर नोकरी जाईल का?

तुम्ही कनिष्ठ लिपिक म्हणून नुकतेच रुजू झालात, सहकारी संघटनेची वर्गणी मागताहेत आणि तुमच्या मनात या दोन शंका आहेत. मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं संघटनेचं कामही पाहिलं.

संघटना चालते. सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा संविधानाच्या कलम १९ मधला संघ स्थापण्याचा हक्क जात नाही. सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नये, असा केंद्राचा एक नियम होता, ओ. के. घोष प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९६२ साली तो रद्द केला. पोलिसांना १९६६ च्या कायद्यामुळे इतकी मोकळीक नाही. मात्र आपली संघटना म्हणजे कारखान्यातली युनियन नव्हे. राज्याची सार्वभौम (म्हणजे फक्त सरकारच करू शकतं अशी) कामं करणारे नोकर 'कामगार' ठरत नाहीत, असं मद्रास हायकोर्टाने जुन्या एका निकालात म्हटलंय. त्यामुळे आपल्याकडे निवेदनं असतात, बैठका असतात, पण मालकाला बांधून ठेवणारा करार नसतो.

संपाचं उत्तर सरळ आहे: हक्क नाही. २००३ साली तामिळनाडू सरकारने संपावरच्या लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना बडतर्फ केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्टाने रंगराजन निकालात सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक, कुठलाच हक्क नाही. बहुतेकांना पुन्हा घेतलं गेलं, पण बिनशर्त माफी लिहून दिल्यावर. शांततेने निदर्शनं करणं वेगळं. कामेश्वर प्रसाद निकालाने (१९६२) त्याला जागा ठेवली आहे. काळ्या फिती लावून काम करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली ती उगीच नाही.

खरी अडचण संपाची नाहीच. महसूल खात्यातल्या कारकुनावर अन्याय झाला तर तो शेवटी कोर्टाची पायरी चढतो. आपण कुठे जायचं? जिल्हा न्यायालयांवर संविधानाच्या कलम २३५ प्रमाणे नियंत्रण हायकोर्टाचं, नेमणूक जिल्हा न्यायाधीशांची, आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध रिट याचिका करायची तीही हायकोर्टातच. न्यायिक बाजू आणि प्रशासकीय बाजू वेगळ्या असतात हे मान्य, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात उभं राहायला बेलिफ किंवा शिपाई धजावत नाही. त्यात पगाराची तिजोरी राज्य सरकारकडे. पदं वाढवून मागितली की सरकार म्हणतं हायकोर्टाचा प्रस्ताव आणा, हायकोर्ट म्हणतं प्रस्ताव सरकारकडे पडून आहे. हा पाठपुरावा एकट्याचं काम नाही. संघटना लागते ती इथे.

गंमत म्हणजे हे न्यायाधीशांनाही चुकलेलं नाही. ऑल इंडिया जजेस असोसिएशनने सेवाशर्तींसाठी स्वतःच सुप्रीम कोर्टात याचिका केली, १९९१ साली त्यावर पहिला मोठा निकाल आला, आणि पुढे १९९६ मध्ये न्या. जगन्नाथ शेट्टी आयोग नेमला गेला. त्याच आयोगाने नंतर लिपिक, स्टेनो, बेलिफ यांच्या वेतनश्रेणी आणि बढत्यांवरही शिफारशी केल्या. साहेबांच्या संघटनेमुळे आपलंही थोडं भलं झालं म्हणायचं!

दुसरा उपयोग विभागीय चौकशीत. मुद्देमाल सापडत नाही, केसची फाइल गहाळ होते, रोजनाम्यात (केसच्या तारखावार नोंदीत) खाडाखोड निघते. असं काही झालं की पहिलं बोट लिपिकाकडे जातं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे अपचारी (ज्याच्यावर चौकशी चालू आहे त्या) कर्मचाऱ्याला दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची बचाव सहायक म्हणून मदत घेता येते. वकील सहसा मिळत नाही. आयुष्यभर कोर्टात काढलेली माणसंसुद्धा स्वतःच्या चौकशीत दोषारोपपत्रासोबतच्या कागदांच्या प्रती मागायला विसरतात आणि घाईत कबुलीवजा खुलासा लिहून मोकळी होतात. चांगल्या संघटनेकडे नियम तोंडपाठ असलेली दोन-तीन माणसं असतात. माझ्या मते वर्गणी द्यायची ती या माणसांसाठी.

म्हणून पैसे देण्याआधी पदाधिकाऱ्यांना विचारा की गेल्या काही वर्षांत कुणाकुणाच्या चौकशीत ते बचाव सहायक म्हणून उभे राहिले आणि हायकोर्ट प्रशासनाला शेवटचं निवेदन कधी दिलं. त्याची पोच दाखवा म्हणावं. ज्यांना फक्त वार्षिक अधिवेशन आणि सत्काराचे फोटो दाखवता येतात, त्यांच्याकडे घाई करू नका. आणि परिवीक्षा काळ (प्रोबेशन) संपेपर्यंत सभासद राहा, पण निवेदनावर पहिली सही तुमची नको.