करवंटीच्या कोळशाने विहिरीचं पाणी गोडं होतं का?

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, खाडीला लागूनच. मार्च उजाडला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं. मांगरात करवंट्यांचा ढीग पडलाय, काजूची टरफलंपण आहेत. एक जण म्हणाला, बायोचार (म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा) करा आणि पोत्यात भरून विहिरीत सोडा, पाणी गोडं होईल. खरं आहे का? आणि शेतात घालण्याशिवाय त्याचं अजून काय करता येतं?

उत्तर : दादा, ते पोतं विहिरीत सोडू नका. मीठ पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, कोळसा त्याला धरून ठेवत नाही, ते सरळ पार जातं. कोळसा धरतो तो वास, रंग, क्लोरीन, काही औषधांचे अंश. जंतूंचं म्हणाल तर पाणी उकळायलाच लागणार. मचूळपणाला उपाय म्हणजे उन्हाळ्यात पंप कमी चालवणं (जास्त उपसलं की खाडीचं पाणी आत सरकतं) आणि पावसात पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीत सोडणं.

आता करवंटीचं. फिल्टरमध्ये असतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि करवंटी त्यासाठी एक नंबर माल, पहिल्या महायुद्धात गॅस मास्कमध्येसुद्धा हाच कोळसा भरायचे, आणि आज सोन्याच्या खाणीत सायनाइडच्या पाण्यातून सोनं ओढून घ्यायलाही हाच लागतो. पण तो आपल्या घरच्या कोळसा करायच्या ड्रममधून निघत नाही हां, साध्या कोळशाला 800 ते 1000 डिग्रीवर वाफ द्यावी लागते, मग त्यात इतकी बारीक भोकं पडतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या आसपास जातो. ते काम कारखान्याचं. तुम्ही चांगला कोरडा कोळसा करून त्यांना विकू शकता, 100 किलो करवंटीतून साधारण 25-30 किलो सुटतो.

घरच्या घरी मला सगळ्यात पटतो तो गोठ्यातला वापर. कोळशाचा चुरा शेणामुताच्या जागेवर पसरा, अमोनियाचा तो डोळे झोंबणारा वास कमी होतो, आणि नंतर तेच शेणाबरोबर खतात जातं, म्हणजे नत्र हवेत उडून जायच्या ऐवजी बरंचसं खतातच राहतं. कोंबड्यांच्या खुराड्यातपण तेच. पावसाळ्यात कपाटात दमट वास येतो ना, तिथे कापडी पिशवीत थोडा ठेवा, अधूनमधून उन्हात वाळवा.

बाहेरच्या देशांत सिमेंटमध्ये थोडा मिसळून बघतायत, ब्राझीलमध्ये तर लोखंड गाळायला लाकडी कोळसा कधीपासून वापरतात, पण आपल्या मांगरातल्या मालाचा त्याच्याशी संबंध नाही.

काजूची टरफलं मात्र घरच्या ड्रममध्ये नको. त्यातलं तेल कातडी भाजतं, धूरपण त्रासदायक, ज्यांना माहितीये ते हात काळे झालेले दाखवतील. तेल काढणाऱ्यांना देऊन टाका.

आणि ताजा कोळसा लगेच पोत्यात भरू नका, वरून थंड वाटला तरी आतून परत पेट घेतो. पाणी मारा, एक दिवस उघड्यावर ठेवा. नंतर चिमूटभर हातावर चोळून नुसत्या पाण्याने धुवून बघा, काळं पटकन निघालं तर ठीक, साबण लावावा लागला तर डांबर राहिलंय, तो गोठ्यातसुद्धा घालू नका.