मळीच्या टाकीचा तळ गळतोय, पॅच मारू की नवा टाकू?

प्रश्न: नमस्कार साहेब, आमच्या सहकारी साखर कारखान्यात ४००० टनाची मळीची स्टील टाकी आहे, १९९६ ची, व्यास १९ मीटर, तळाला ८ मिमी प्लेट. गेल्या पावसाळ्यापासून एका बाजूला फाउंडेशनच्या कडेने काळं पाणी पाझरतंय. ऑफ सिझनला टाकी रिकामी केली तर आत बरेच खड्डे आणि कडेजवळ दोन आरपार भोकं सापडली. ठेकेदार म्हणतो जुन्या तळावरच ६ मिमीची प्लेट अंथरतो, कडेने वेल्ड मारतो, पंधरा दिवसात टाकी तुमच्या ताब्यात. स्वस्त पडतंय म्हणून चेअरमन साहेब तयार आहेत. तुमचं मत काय?
(मेंटेनन्स इंजिनिअर, सांगली जिल्हा)

उत्तर: ठेकेदाराला थोडं थांबवा. तळ वरून खाल्लाय का खालून, हे कळल्याशिवाय कुठलीच रिपेअर ठरवता येत नाही, आणि तुमच्या पत्रात आतले खड्डे आहेत, पण खालच्या बाजूबद्दल एक ओळ पण नाहीये.

वरून खाल्लेलं डोळ्याला दिसतं, खड्डा वरून उघडा असतो. घट्ट मळी लोखंडाला फार काही करत नाही, खरा त्रास पातळ मळीचा. टाकी धुतली की तळाच्या खोलगट जागेत गोडसर पाणी साचतं, आपण पंप बंद करून निघून जातो, ते आंबतं, आम्ल तयार होतं आणि नेमका तिथंच खड्डा पडत जातो. खालून खाल्लेलं मात्र दिसत नाही. वरून प्लेट एकदम गुळगुळीत आणि खाली पापुद्रा सुटलेला. हातोडी मारून बघा, आवाज बद्द येईल, कधी हातोडीच आत जाईल. त्यानंतर अल्ट्रासोनिक मीटरने ग्रिड मारून थिकनेस घ्या, पण मीटर फक्त प्रोब टेकवला त्या ठिपक्याचंच सांगतो, दोन ठिपक्यांच्या मधला खड्डा सुटू शकतो, त्यामुळे जमलं तर एमएफएल स्कॅनरवाला बोलवा, तो चुंबकाने अख्खी प्लेट चाळतो. आणि काही झालं तरी तीन-चार ठिकाणी फूटभर चौकोनी तुकडे कापून उलटे करून बघाच. गंजाचे थर, ओली वाळू, मळीचा काळा चिखल, जे असेल ते समोर येईल, मग चेअरमन साहेबांना वेगळं समजवायला लागणार नाही.

आता आकडा. मळीच्या टाकीला तेलाच्या टाकीचा नियम लागू होत नाही पण हिशोबाला एपीआय ६५३ (तेलाच्या टाक्यांच्या तपासणी-दुरुस्तीचं अमेरिकन मानक) चांगला आहे. त्यात साधारण असं की पुढच्या तपासणीच्या दिवशी तळ कमीत कमी २.५ मिमी उरला पाहिजे, खाली गळती पकडायची सोय असेल तर १.२७ पर्यंत चालतो. समजा आरपार भोकं सोडून तुमच्या ८ मिमीपैकी सगळ्यात बारीक जागी ४.५ उरलेत, म्हणजे ३० वर्षांत ३.५ गेले, वर्षाला जेमतेम ०.१२. या वेगाने २.५ वर यायला अजून सोळा-सतरा वर्षं आहेत, मग अख्खा तळ बदलायचा कशाला? भोकं, पातळ जागा यांना पॅच मारा (१५० मिमीपेक्षा लहान नको, कोपरे गोल करा) आणि उरलेल्या खड्ड्यांवर ब्लास्टिंग (ग्रिटचा मारा) करून फायबर ग्लासचं इपॉक्सी लायनिंग करा. हे सगळं खड्डे वरचे असतील तर. शेलला (टाकीच्या उभ्या भिंतीला) लागून आतल्या ७५ मिमीच्या पट्ट्यात मात्र मनाने पॅच चिकटवू नका, तिथं शेलचा सगळा ताण तळात उतरतो, तो भाग डिझाइनवाल्याला दाखवून मगच हात लावा. तुमची भोकं कडेजवळच आहेत म्हणून हे जास्त जोर देऊन सांगतोय.

तळ खालून सगळीकडे खाल्ला असेल तर नवाच टाकायचा, फक्त ठेकेदार म्हणतो तसा नाही. जुन्या गंजक्या प्लेटला नवी प्लेट चिकटून बसली आणि मध्ये ओल राहिली की दोघींची बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत नवी प्लेटच झिजते, जुनी मजेत राहते. म्हणजे पैसे भरून नवीन गंज विकत घेतल्यासारखं. बरोबर पद्धत अशी की जुन्या तळाची भोकं आणि खालच्या पोकळ्या आधी भरून घ्यायच्या, त्यावर प्लास्टिकचा जाड लायनर, त्यावर धुतलेल्या कोरड्या वाळूचा ७५ ते १०० मिमी थर, आणि शेलला तेवढ्या उंचीवर आडवी चीर पाडून नवी प्लेट शेलच्या बाहेर थोडी काढून आतून बाहेरून वेल्ड करायची. चीर एकदम गोल फिरवून कापायची नाही हं, तुकड्यातुकड्याने, आधार देत. वाळूच्या थरातून बाहेर दोन-चार पाइप काढून ठेवा, पुढे कधी गळती झाली तर आधी तिथं थेंब दिसेल. पंधरा दिवसात हे होत नाही, पण ऑफ सिझन तुमच्याकडे आहे.

अजून एक, खालून मळी झिरपत असलेल्या जागी वेल्डिंग करू नका. वेल्ड उकळतो, भोकाभोकाचा होतो, वेल्डरला शिव्या बसतात आणि चूक त्याची नसते.

प्रश्न: आम्ही शेल-तळाच्या जोडाला आतून डिझेल, बाहेरून चुना लावून लिकेज बघतो. तळाच्या पॅचला पण तेच चालेल का?
(फिटर, डिस्टिलरी)

उत्तर: शेल-तळाच्या जोडाला चालतं, आतला वेल्ड झाल्यावर आणि बाहेरचा मारायच्या आधी केलं तर. पॅचच्या खाली जाऊन चुना कोण लावणार? तिथं व्हॅक्युम बॉक्स. वर काच, खाली स्पंजचं गॅस्केट, वेल्डवर साबणाचं पाणी मारायचं आणि कमीत कमी २१ केपीए (किलोपास्कल) व्हॅक्युम ओढायचा. बुडबुडा आला की ग्राइंड करून परत वेल्ड. प्रत्येक इंच बघा, ‘हा माझाच वेल्ड आहे’ म्हणून सोडू नका.

प्रश्न: टाकीत उतरायच्या आधी गॅस मीटर शून्य दाखवत होता तरी हेल्परला चक्कर आली. मीटर खराब?
(सुपरवायझर)

उत्तर: मीटर कुठला होता ते बघा. नुसता एलईएल मीटर जळणारा गॅस मोजतो, आंबलेल्या मळीतून येणारा कार्बन डायऑक्साइड त्याला कळतच नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशीच बसतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मोजणारा घ्या, मीटर दोरीने अगदी तळापर्यंत सोडा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही आत नाही. ब्लोअर काम चालू असेपर्यंत चालूच, मॅनहोलवर एक माणूस कायम उभा, आणि आतला पडला तर त्याने बीए (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क) न लावता उडी मारायची नाही. अशा वेळी दुसरा पण तिथंच पडतो.

प्रश्न: रिपेअर झाल्यावर पाणी भरून टेस्ट केली की झालं ना?
(सांगलीच्याच इंजिनिअर साहेबांचा जोडप्रश्न)

उत्तर: भरा, पण पाण्याने मळीचा भार येत नाही. मळी १.४ पट जड. १० मीटर पाणी म्हणजे सव्वासात मीटरच्या आतलीच मळी, त्याच्या वरचा भार टाकीने रिपेअरनंतर अजून बघितलेलाच नसतो. म्हणून पूर्ण उंची पाणी भरा, आणि सिझनला पहिल्यांदा मळी भरताना सात मीटरनंतर टप्प्याटप्प्याने चढवा, मध्ये मध्ये थांबून टाकी कुठे खचतेय का ते कळायला कडेची पातळी लेव्हल यंत्राने घ्या. १९१९ ला बोस्टनला मळीची टाकी फुटून २१ माणसं गेली, ती टाकी वापरात घ्यायच्या आधी फक्त ६ इंच पाणी भरून टेस्ट केली होती.