वडिलांची नोकरी गेली, नववीतला भाऊ शाळा सोडून कामाला लागतो म्हणतोय. काय करावं?

शाळा सोडू देऊ नका, कितीही ओढाताण झाली तरी. १९८२ च्या गिरणी संपात लालबाग-परळच्या कितीतरी घरांत पोरांनीच चूल पेटती ठेवली. पहाटे पेपर टाकायचे, मग आईच्या खानावळीचे डबे पोचवायचे, संध्याकाळी वाण्याकडे पुड्या बांधायच्या. अनेकांची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. याचं मला आजही वाईट वाटतं.

भावाला १४ पूर्ण असतील तर धोकादायक नसलेलं काम कायद्याने करता येतं. कमवावंच लागलं तर रात्रशाळेत नाव घाला. मुंबईत त्या आहेत, तिथून दहावी देता येते. वडील गंभीर आजारी असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बाल संगोपन योजनेची (अडचणीतल्या घरातल्या मुलांसाठी सरकारी आर्थिक मदत) चौकशी आधी करा.