यिर्मयाचा ४२वा अध्याय आणि माझी मस्कतची नोकरी

तुझी पोस्ट रात्रपाळीत वाचली आणि चहा गार झाला. नागपूरच्या बदलीचं पत्र आलंय, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, छातीत धडधडतंय, दोन रात्री अपघाताचं स्वप्न पडलं आणि बायबल उघडलं तर ‘जाऊ नको’ अशा अर्थाचं वचन आलं. ही पवित्र आत्म्याची सूचना की माझी भीती, असं तू विचारलंयस. प्रार्थना कर, शास्त्र वाच, हे खाली सगळ्यांनी लिहिलंच आहे आणि ते तू करतेसच, म्हणून त्यात मी शिरत नाही. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची आहे.

२००३ साली मी एका मिशन हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. मस्कतच्या नोकरीचं पत्र हातात होतं, पगार इथल्या पाचपट. आणि तुझ्यासारखीच धडधड. एका दुपारी आईचं चेनवालं बायबल मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा घातला. पहिल्यांदा आली बायबलातल्या ‘इतिहास’ या पुस्तकातली वंशावळ. अमक्याला तमका झाला. हे काही उत्तर नाही म्हणून मिटलं. दुसऱ्यांदा लेवीय १४, घराच्या भिंतीवरचा चट्टा याजकाने कसा तपासावा. आमच्या मोरीच्या भिंतीला खरोखर ओल आली होती, पण तेही मी उत्तर धरलं नाही. तिसऱ्यांदा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय ४२, वचन १९: मिसर देशात जाऊ नका. अंगावर सरसरून काटा आला. झालं, प्रभू बोलला. मस्कत मिसरात, म्हणजे इजिप्तात, नाही एवढा भूगोल मला येत होता, तरीही.

तीनदा अंगठा घातला आणि मनासारखं आल्यावर थांबले, हे तेव्हा दिसलं नाही. तो अध्याय वरपासून वाचला तो सहा-सात वर्षांनी, शब्बाथ शाळेचा धडा काढताना. यरुशलेम पडलंय, उरलेली माणसं बाबेलच्या राजाच्या धाकाने मिसरात पळायच्या बेतात आहेत. यिर्मयाला म्हणतात, देवाला विचार, तो सांगेल तसं करू. देवाचं वचन यायला दहा दिवस लागतात. आणि येतं ते हे की, ज्या राजाला भिता त्याला भिऊ नका, याच देशात राहा. म्हणजे माझं ‘जाऊ नका’ हे मुळात घाबरून पळणाऱ्यांना सांगितलेलं होतं, आणि मी ते माझ्याच घाबरण्यावर शिक्क्यासारखं मारून घेतलं. बरं, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत योसेफाला त्याच मिसरात जायला सांगतो, बाळ येशू आणि त्याच्या आईला घेऊन पळ म्हणतो. अंगठा तिथे पडला असता तर मी बॅग भरली असती.

पण खरं नुकसान वचनाने नाही झालं. तेव्हा मी एका प्रार्थना गटात जायचे (नाव घेत नाही, त्यातली निम्मी माणसं आजही माझ्या लग्नकार्यांत असतात). तिथल्या प्रमुखांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “ताई, मनात शांती आहे का?” म्हटलं, नाही. “मग उत्तर मिळालं की.” दोन मिनिटांत फोन संपला. कशाची भीती वाटतेय, हे ना त्यांनी विचारलं ना मी स्वतःला. वर पुढच्या रविवारी मला उभं करून साक्ष द्यायला लावली: पैशाचा मोह सोडून आज्ञा कशी पाळली. लोकांनी हालेलुया म्हटलं, मी रडले. निर्णय चुकला हे महिन्याभरात मला कळलं होतं, जागा अजून भरलेली नव्हती, पण दीडशे माणसांसमोर दिलेली साक्ष परत कशी घेणार? माझी मस्कत त्या माइकवर गेली. म्हणून हात जोडून सांगते, निर्णय पक्का होऊन वर्ष लोटेपर्यंत साक्षबिक्ष देऊ नकोस, कुणी कितीही आग्रह करो.

‘शांती नाही म्हणजे देवाची इच्छा नाही’ हे सूत्र तर मला अजिबात मान्य नाही. कलस्सै ३:१५, ‘ख्रिस्ताची शांती तुमच्या मनात राज्य करो’, हे तोंडावर टाकतात, पण त्या पत्रात प्रेषित पौल एका शरीरासारखं एकमेकांशी कसं राहावं ते सांगतोय, नोकरीची ऑर्डर तपासायची रीत नाही. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. तो पित्याच्या इच्छेबाहेर होता का? मी काही सेमिनरीत शिकलेली नाही, पाळकसाहेब लोकांनी चुकलं तर दुरुस्त करावं.

माझी भीती कसली होती ते पुष्कळ नंतर उमगलं. वडील गेले तेव्हा मी होस्टेलवर होते, नाइट ड्यूटीत, निरोप सकाळी मिळाला. लांब गेलं की मागे घरचं माणूस जातं, हे तेव्हापासून आत बसलेलं. त्याला मी देवाचा आवाज म्हणत होते. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “माझ्यासाठी राहिलीस होय? मग मला का नाही विचारलंस?”

वसईची एक कॅथलिक मैत्रीण वॉर्डात होती, तिने जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसचं सांगितलं. (आमच्याकडे काहींना हे आवडणार नाही. नावडो.) १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला हा माणूस केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, काहीतरी सुटलं या धास्तीने, जीव द्यावासा वाटेपर्यंत. शेवटी जुनं उकरून कबूल करणंच त्याने बंद केलं. त्यातून त्याला जे कळलं ते असं: जो देवाकडे चाललाय त्याच्या मनात चांगला आत्मा स्पंजात थेंब मुरावा तसा येतो, वाईट आत्मा दगडावर आपटणाऱ्या पाण्यासारखा आवाज करत. देवाकडे पाठ फिरवलेल्याचं नेमकं उलट, म्हणून ही खूण सरसकट लावू नकोस. आणि मन काळवंडलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये, हेही त्याचंच. हे मला २००३ आधी कुणी सांगायला हवं होतं.

तुझ्यापुरतं बोलायचं तर नागपूरला जा असं मी म्हणत नाही, मला तुझं घर माहीत नाही. एचआरला आठवडाभर मुदत माग, बहुतेक वेळा देतात. भीती वहीत लिहून काढ. ‘तिथे राहायची सोय काय, रात्री कॅब मिळते का’ असलं काही निघालं तर तो साधा प्रश्न आहे, फोन करून विचार. जे लिहिताच येत नाही, नुसतं ‘काहीतरी वाईट होणार’ असं आहे, ते कुणाजवळ तरी बोल, पण ज्याला तुझं उत्तर आधीच ठाऊक नाही अशा माणसाजवळ.

आणि नर्स म्हणून एक. हे फक्त बदलीपुरतं आहे की प्रार्थना चुकली म्हणून परत करणं, पाप झालं असेल म्हणून रोज तेच तेच आठवणं, असंही होतं? तसं असेल तर तो ओसीडीचाही (नको ते विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा) प्रकार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि उपास करून तो जात नाही. १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी टेलि-मानस फोन क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही, मी अख्खी नोकरी डॉक्टरांसोबतच केलीय.

वचन कुठलं आलं होतं ते मात्र लिही, अख्ख्या अध्यायासकट. मी मोबाइल सकाळी आठनंतर बघते.