इंग्लंडमधल्या यॉर्कला एकच दिवस आहे, तटबंदीतली कुठली वेस बघू?

वॉल्मगेट बार बघा (तिकडे वेशीलाच बार म्हणतात, प्यायचा नाही!), कारण वेशीपुढचा दगडी भिंतींचा बोळ, म्हणजे शत्रूला कोंडून वरून हाणायची जागा, फक्त इथेच उरलाय, बाकी वेशींचे बोळ 19व्या शतकात पाडून टाकले. जुनं ओकचं दार, त्यातला छोटा दिंडी दरवाजा आणि वर टांगलेलं जाळीचं दार नीट बघा, इंग्लंडच्या यादवी युद्धात 1644 साली शहराला वेढा पडला, तेव्हा या वेशीनेच जबर मार खाल्लेला. आणि आतल्या बाजूला जाऊन मागे वळून बघाच, दगडी खांबांवर चक्क लाकडी घर बांधलंय. तटावर फिरायला तिकीट नाही, पण अंधार पडायला लागला की बंद करतात आणि काही ठिकाणी कठडाच नाहीये, लहान मुलं असतील तर हात धरून चाला.